‘कलयुग’ बघताना जोड्या लावू नका

शाळेच्या प्रश्नपत्रिकेत ‘जोड्या लावा’ आलं की आपल्याला हायसं वाटायचं. ‘अ’ गट, ‘ब’ गट, रेघा ओढा, पाच गुण खिशात. महाभारतावर किंवा रामायणावर बेतलेला आधुनिक चित्रपट आला की आपली समीक्षाही बहुतेक वेळा याच प्रश्नाचं उत्तर लिहीत बसते. हा म्हणजे अर्जुन, ती म्हणजे द्रौपदी, तो सल्ले देणारा म्हणजे कृष्ण. रेघा जुळल्या की दिग्दर्शक हुशार, नाही जुळल्या की चित्रपट फसला.

तुम्ही संशोधनाच्या वाटेवर असाल, पेट किंवा नेटची तयारी करत असाल, पहिला आराखडा लिहीत असाल, तर ही सवय आत्ताच मोडा असं मला सांगायचंय. त्यासाठी मी आज एक चित्रपट घेते: श्याम बेनेगल यांचा ‘कलयुग’ (१९८१). निर्माते शशी कपूर, लेखनात गिरीश कर्नाड, कॅमेऱ्यामागे गोविंद निहलानी. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा फिल्मफेअर पुरस्कार याला मिळाला होता. मराठी रंगभूमीवरची ओळखीची माणसंही यात आहेत: विजया मेहता आहेत, रीमा लागू आहेत.

आधी रेघा ओढून टाकू

जोड्या लावल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही, म्हणून ते काम उरकून घेऊ. मुंबईतलं एक उद्योगपती घराणं. दोन पात्या, दोन कंपन्या. एका बाजूला धर्मराज (राज बब्बर), बलराज (कुलभूषण खरबंदा) आणि भरत (अनंत नाग) हे तीन भाऊ. दुसऱ्या बाजूला धनराज (व्हिक्टर बॅनर्जी) आणि त्याचा भाऊ. घरातले वडीलधारे, ब्रह्मचारी भीष्मचंद (ए. के. हंगल). त्यांनी वाढवलेला अनाथ कर्ण (शशी कपूर), जो धनराजच्या बाजूला आहे. धर्मराजची बायको सुप्रिया (रेखा), जिचं मन भरतकडे ओढलेलं आहे. सल्लामसलतीला किशनचंद (अमरीश पुरी). द्यूताच्या जागी धर्मराजचा घोड्यांच्या शर्यतीचा नाद. राज्याच्या जागी कंत्राट.

झालं. सगळ्या रेघा लागल्या, पूर्ण गुण. आता मला सांगा, या उत्तरातून तुम्हाला चित्रपटाबद्दल काय कळलं? जवळजवळ काहीच नाही. पटकथा लिहिणाऱ्यांनी महाभारत वाचलं होतं, एवढंच.

उरतं ते बघा

माझं काम इंद्रायणीच्या पाण्याच्या नमुन्यांवर आहे. नदी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते आणि मावळातून खाली येते; मी वेगवेगळ्या जागी पाणी घेते आणि त्यात काय किती आहे ते मोजते. मोजण्याआधी एक प्रमाण-आलेख काढावा लागतो. माहीत असलेल्या तीव्रतेची द्रावणं घ्यायची, प्रत्येकाचं वाचन घ्यायचं, बिंदूंमधून सरळ रेघ काढायची. संगणक लगेच सांगतो: आर-स्क्वेअर ०.९९. नवीन विद्यार्थी इथे खूश होतो आणि वही मिटतो.

पण खरी तपासणी इथून पुढे सुरू होते. प्रत्येक बिंदू रेघेपासून किती वर किंवा खाली राहिला, तो फरक वेगळा काढायचा. त्याला रेसिड्युअल म्हणतात. आपण साध्या मराठीत ‘उरलेलं’ म्हणू. हे उरलेलं इकडेतिकडे विखुरलेलं असेल तर रेघ ठीक आहे. पण सुरुवातीचे बिंदू रेघेखाली, मधले वर आणि शेवटचे पुन्हा खाली, असा कमानीसारखा आकार दिसला, तर रेघ कितीही सुंदर बसली तरी ती चुकीची आहे. मोठ्या तीव्रतेला उपकरणाचं वाचन वाकायला लागलंय, आणि ते तुम्हाला रेघेने सांगितलं नाही, उरलेल्याने सांगितलं.

पुनर्कथनाचंही असंच वाचन करता येतं. महाकाव्याची रेघ चित्रपटावर ठेवून बघा आणि मग कुठे जुळत नाही त्याची यादी करा. जिथे फरक पडलाय तिथे दिग्दर्शकाने काहीतरी ठरवलेलं असतं, किंवा त्याच्याकडून काहीतरी सुटलेलं असतं. दोन्ही मोलाचं.

‘मूळ’ म्हणजे कुठलं?

एक अडचण आधी दूर करू. ‘मुळात असं नव्हतं’ हे वाक्य अशा चित्रपटांवर हमखास फेकलं जातं. २०२३ च्या ‘आदिपुरुष’वर तर त्याचा पाऊसच पडला, पात्रं, प्रसंग सगळं रामायणातलं ठेवूनही रूप आणि भाषा लोकांना पटली नाही आणि प्रदर्शनानंतर काही संवाद बदलावे लागले. पण मूळ म्हणजे काय, हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात जवळजवळ अर्धं शतक शिस्तीने विचारला गेला आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झालं. १९२५ पासून या कामाची धुरा वि. स. सुकथनकरांकडे आली. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले होते, मग बर्लिनला जाऊन संस्कृतकडे वळले. देशभरातली हस्तलिखितं जमवायची, ओळ ओळ ताडून बघायची, सर्वांत जुना म्हणता येईल असा पाठ वर ठेवायचा, पाठभेद तळटीपेत आणि मोठी भर परिशिष्टात. एकही पाठभेद फेकून द्यायचा नाही. हे म्हणजे उरलेलं जपून ठेवण्याचंच शास्त्र आहे.

त्यामुळे ‘मुळात’ असं म्हणताना जरा जपून. कुठल्या पाठात, हे विचारायची सवय लावा. पुढच्याच प्रसंगात त्याचा उपयोग आहे.

जिथे जोडी तुटते तिथे चित्रपट उभा राहतो

‘कलयुग’मध्ये वस्त्रहरण नाही. दरबार नाही, कुणी पदराला हात घालत नाही. त्याऐवजी प्राप्तिकर खात्याची धाड पडते. अधिकारी घरात शिरतात, खोल्या उघडतात, आणि सुप्रियाच्या कपाटातले तिचे अगदी खासगी कपडे परक्या पुरुषांच्या हातून बाहेर काढले जातात. सगळं कायदेशीर. कुणी आवाज चढवलेला नाही. सही-शिक्क्याचा कागद आहे.

जोड्या लावणारा इथे म्हणतो, ‘व्वा, वस्त्रहरणाच्या जागी धाड.’ आणि पुढे जातो. पण फरक मोजून बघा. महाकाव्यात अपमान करणारे नात्यातले आहेत, त्यांना चेहरा आहे, नाव आहे, म्हणून सूड घेता येतो. इथे हात कारकुनाचा आहे. त्याच्यावर कसला सूड घेणार? तो आपलं काम करतोय. हिंसा खात्याच्या कामकाजात विरघळून गेलीय. हे मूळ प्रसंगात नाही, हे बेनेगल-कर्नाडांचं निरीक्षण आहे.

दुसरा फरक. इथे कुणी वाचवायला येत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर १९८८ ला सुरू झालेली बी. आर. चोप्रांची मालिका असते, त्यामुळे हात जोडून धावा करणारी द्रौपदी आणि वस्त्र पुरवणारा कृष्ण हेच आपल्याला मूळ वाटतं. पण सभापर्वाची चिकित्सक आवृत्ती फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केली, त्यात द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचा भाग मुख्य संहितेत नाही. वस्त्रं येत राहतात. ती कुणी पुरवली हे संहिता सांगत नाही. म्हणजे कृष्णाविना प्रसंग उभा करणारा ‘कलयुग’ आपल्याला धाडसी वाटतो, पण त्या बाबतीत तो जुन्या पाठाच्या अधिक जवळ आहे. फक्त त्याने वस्त्रंही काढून घेतली. आता चमत्कारही नाही. तो सुप्रियाला उघड्या कपाटासमोर उभी करतो आणि पुढे जातो. हा प्रसंग माझ्या मते चित्रपटातला सर्वांत चांगला आहे, आणि तो चांगला आहे कारण जोडी नीट जुळत नाही.

वाटणीचंही तसंच. आपण म्हणतो, वाटणी झाली की भांडण मिटतं. मावळात राहणाऱ्या कुणालाही विचारा. सातबारा वेगळा होतो आणि भांडण बांधावर येऊन बसतं. मग रस्ता आला, बंगल्यांची स्कीम आली, गुंठ्याचा भाव वाढला की तेच भांडण कोर्टात जातं. महाभारतातही राज्याची वाटणी झाली होती, इंद्रप्रस्थ वेगळं वसलं होतं, तरी युद्ध झालंच. ‘कलयुग’मध्ये कंपन्या आधीच वेगळ्या आहेत. कुणाला कुणाचं काही द्यायचं नाही. तरीही एकाला मिळालेलं कंत्राट दुसऱ्याच्या डोळ्यांत खुपतं. भाऊबंदकी मालमत्तेसाठी असते हा समज चित्रपट खोडून काढतो. समोरच्याकडे किती आहे यावर ती चालते. इथे कथा जमिनीपासून भांडवलाकडे नेल्यामुळे एक गोष्ट अधिक स्पष्ट दिसली. बदल सार्थकी लागला.

जिथे जोडी फार घट्ट बसते तिथे तो अडखळतो

कर्णाकडे या. जन्माचं सत्य कळल्यावर शशी कपूर पलंगावर पोटातल्या बाळासारखा अंग मुडपून पडतो. संवाद लागत नाही. प्रौढ, यशस्वी, टापटीप माणूस एका क्षणात अर्भक होतो. हे दृश्य कुठल्याही श्लोकाशी जोडता येत नाही आणि म्हणूनच मनात राहतं.

पण त्याच्या मरणाच्या वेळी पटकथेला रेघ ओढायचा मोह आवरत नाही. रथाचं चाक रुतलं, म्हणून इथे गाडीचं चाक. चाक बदलायला तो उतरतो आणि मारला जातो. महाकाव्यात चाक रुतणं हा शाप आहे, धर्मयुद्धाच्या नियमाचा प्रश्न आहे: निःशस्त्रावर बाण सोडायचा का? त्या प्रश्नावर अर्जुन-कृष्णाचं वजन तोललं जातं. मुंबईच्या रस्त्यावर चाक बदलणाऱ्या माणसाला मारण्यात नियमभंगाचा प्रश्नच येत नाही, कारण या युद्धाला कधी नियमच नव्हते. खूण शिल्लक राहिली, तिचं कारण गेलं. बघताना आपण ‘अरे, चाक!’ म्हणून स्वतःवर खूश होतो, आणि कर्णाचं मरण अंगाला लागायचं राहून जातं.

मराठी प्रेक्षकाची आणखी एक गोम आहे. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची, रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ ची. आपण कर्णावर माया करायला आधीच शिकून बसलोय. सभेत द्रौपदीला सर्वांत कठोर बोलणाऱ्यांत कर्ण पुढे होता, हे आपण सोयीने मागे टाकतो. ‘कलयुग’चा कॅमेराही त्याच्याच बाजूने आहे. एकाच वर्षी, १९६७ मध्ये, ‘युगान्त’ही आलं होतं, इरावती कर्व्यांनी कुणालाच अशी सूट दिली नव्हती. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून मग शशी कपूरकडे बघा. आपला डोळा कुणी घडवला ते कळेल.

मावळातून बघताना जे दिसत नाही

आता सर्वांत महत्त्वाचं उरलेलं: चित्रपटात जे नाहीच.

इंद्रप्रस्थ कुठून आलं? खांडववन जाळून. तिथले प्राणी, नाग, सगळं आगीत गेलं आणि त्या जागेवर मयसभा उभी राहिली. कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये या जाळण्याकडे वाचकाला रोखून बघायला लावलं. ‘कलयुग’मध्ये खांडववन नाही. चित्रपट सुरू होतो तेव्हा कारखाने उभे आहेत, मोटारी दारात आहेत. पहिली राख कुठली, हे कुणी विचारत नाही.

लोणावळ्यात बसून ही जागा रिकामी दिसते. वळवण, शिरोटा आणि लोणावळा ही तळी पर्यटकांना निसर्ग वाटतात. ती टाटांच्या जलविद्युत योजनेची धरणं आहेत. त्यांचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ पासून वीज तयार व्हायला लागली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. मुंबईच्या उद्योगाचं पाणी इथलं, त्याखाली गेलेली जमीनही इथली. मी हा इतिहास चित्रपटावर लादत नाहीये. पण खांडववनासारखा प्रसंग महाकाव्याने आयता हातात दिला असताना तो गळाला, एवढी नोंद करायलाच हवी.

दुसरी रिकामी जागा सैन्याची. अठरा अक्षौहिणी लढल्या, आणि स्त्रीपर्वात रणांगणावर विधवा आपापली माणसं शोधत फिरतात. राजघराण्यांचं भांडण बाकीच्यांना काय पडतं, हे व्यास विसरू देत नाहीत. ‘कलयुग’मध्ये ओम पुरींचा युनियन पुढारी भवानी पांडे आहे, पण कामगार येतात ते मुख्यतः मालकांच्या डावातली सोंगटी म्हणून. दोन कंपन्या एकमेकींना बुडवत असताना पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या घरी काय शिजलं, ते आपल्याला दिसत नाही. शेवटी भरत कोसळतो, सुप्रिया त्याला जवळ घेते. शोक घराण्याच्या आत सुरू होतो आणि आतच संपतो. चित्रपट १९८१ च्या जुलैमध्ये लागला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. मुंबईचं स्त्रीपर्व दारात उभं होतं.

‘अहो, पण चित्रपट घराण्यावर आहे, सगळं कसं दाखवणार?’ हा आक्षेप रास्त आहे. माझं त्यावर म्हणणं असं: गळलेल्या गोष्टी विखुरलेल्या असत्या तर मी बोलले नसते. पण वन गळलं, सैन्य गळलं, विधवा गळल्या. म्हणजे घराण्याबाहेरचं तेवढंच गळलं. आठवतो ना कमानीचा आकार? उरलेल्यात आकार दिसला की ती रेघेची मर्यादा समजायची. ‘कलयुग’ श्रीमंतांच्या एकटेपणाबद्दल फार नेमकं बोलतो, आणि त्या एकटेपणाची किंमत कोण भरतं याबद्दल गप्प बसतो.

कार्ल्याचा सुतार

पुनर्कथनात कोण गळतं हे बघायला चित्रपटच लागतो असं नाही. कार्ल्याला जा. लेण्याशेजारच्या एकवीरेचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, ही कथा तुम्ही ऐकली असेल. आपल्याकडे कातळात कोरलेलं काहीही दिसलं की ते पांडवांचं. नाशिकच्या बौद्ध लेण्यांनाही आपण पांडवलेणीच म्हणतो. ही मावळी माणसाने केलेली महाभारताची पुनर्मांडणीच आहे आणि ती मला आवडते. अरण्यातले पांडव माझ्या गावाजवळून गेले, ही भावना छान आहे.

पण कार्ल्याच्या चैत्यगृहात ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. त्यात वैजयंतीहून आलेल्या भूतपाल श्रेष्ठीचं नाव आहे. खांबांवर धेनुकाकटच्या दात्यांची नावं आहेत, त्यांत स्वतःला यवन म्हणवणारे लोक आहेत. आणि एका लेखात सामी नावाच्या सुताराचं नाव आहे: वेणुवासाचा मुलगा, राहणारा धेनुकाकटचा, दाराचं काम त्याचं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचं नाव दगडावर स्पष्ट कोरलेलं आहे. पांडवांची जोडी लावली की हा सामी गळतो. कथा खोटी म्हणून सोडून द्या असं मी म्हणत नाही. कथाही ऐका आणि लेखही वाचा. दोन्हींमधला फरक हाच अभ्यासाचा विषय आहे.

तुमच्या वहीसाठी

तुमच्या आराखड्यात कुठे ना कुठे ‘हे त्याच्यासारखं आहे’ असं वाक्य येणारच. उंदरावरचा प्रयोग माणसासारखा, प्रयोगशाळेतली टाकी नदीसारखी, जुन्या पेपरातली पद्धत माझ्या प्रश्नासारखी. मार्गदर्शक आणि परीक्षक तुम्हाला ‘सारखं’ कुठे आहे ते क्वचितच विचारतील. कुठे सारखं नाही, आणि तो फरक तुमच्या निष्कर्षाला कुठे वाकवतो, हे विचारतील. तिथे उत्तर तयार नसेल तर आर-स्क्वेअर कितीही असो, उपयोग नाही.

सरावासाठी ‘कलयुग’ घ्या. साधारण अडीच तासांचा आहे. पात्रं भराभर येतात, म्हणून आधी कागदावर घराण्याचा वंशवृक्ष काढून ठेवा. मग तीन रकाने आखा. पहिल्यात जुळलेल्या जोड्या. हा रकाना पहिल्या अर्ध्या तासात भरेल, त्यावर वेळ घालवू नका. दुसऱ्यात बदललेल्या गोष्टी, आणि प्रत्येकीसमोर त्या बदलामुळे काय नवीन दिसलं ते एका वाक्यात. तिसऱ्यात गळलेल्या गोष्टी. तिसरा रकाना भरायला महाभारत थोडं तरी वाचलेलं लागतं, म्हणून ‘युगान्त’ हाताशी ठेवा. भरून झाला की लांबून बघा: त्यात काही आकार दिसतोय का? मला घराण्याची भिंत दिसली. तुम्हाला वेगळं काही दिसलं, आणि ते तुम्ही प्रसंग दाखवून सिद्ध करू शकलात, तर माझं वाचन बाजूला ठेवा आणि तुमचं लिहा.